मागच्या चाकाची घरघर



आमच्या बचत गटाकडे एक जुनी मारुती ८०० आहे. पापड-शेवयांची खोकी बाजाराला नेणं, बँकेची कामं, आणि वेळ पडली तर रात्री एखादीला बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवणं, सगळं तिच्यावरच. ही गाडी १९८३ मध्ये बाजारात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज चालणारी प्रत्येक ८०० वयस्करच. अशा गाडीचं मागच्या चाकाचं बेअरिंग कधी ना कधी झिजतंच. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

बेअरिंग म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन पोलादी कड्या. त्यांच्या मधे पोलादी गोळ्या आणि ग्रीस. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो, तेच काम इथे ग्रीस करतं. पाणी-माती आत शिरली, खड्ड्यात चाक आपटत राहिलं किंवा ओझं फार झालं, की गोळ्यांना आणि कड्यांना चरे पडतात. मग चाक आवाज करायला लागतं.

हा आवाज ओळखायचा कसा? गाडीचा वेग वाढला की घूं-घूं वाढते. क्लच दाबला तरी ती थांबत नाही, म्हणजे दोष इंजिनाचा नाही. टायरचा आवाज खडबडीत आणि गुळगुळीत रस्त्यावर वेगळा येतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा घरघर वाढली तर संशय डाव्या चाकाचा. खात्रीसाठी चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. खटखट हललं किंवा हाताने फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंग गेलं समजा.

आता बदलण्याचं काम. हे मेकॅनिककडूनच करून घ्यावं, पण आपल्यापैकी एकीने शेजारी उभं राहावं. काय बघायचं ते सांगतो.

आधी सुरक्षितता. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही, म्हणून सोडावाच लागतो. मग गाडी सरकू नये यासाठी सपाट जागा हवी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये हवी. ८०० मध्ये इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे गिअर त्यांना धरून ठेवतो. जॅकने उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड लावायचा. विटांवर गाडी ठेवू देऊ नका, वीट अचानक फुटते.

चाक काढलं की मधोमध एक छोटी टोपी दिसते. तिच्या आत कॉटर पिन आणि मोठा नट. ते काढून ब्रेकचा ड्रम ओढून घेतात. ड्रमच्या पोटात दोन बेअरिंग असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. दोघांच्या मधे नळीसारखा स्पेसर आणि आतल्या तोंडाला ऑइल सील. ब्रेकची काळी धूळ फुंकू देऊ नका. जुन्या ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसायची आणि पोरांना लांब ठेवायचं.

नवं बसवताना पाच गोष्टींवर लक्ष ठेवा.

एक, त्या चाकाची दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदलायचं. एकच बदललं तर थोड्याच दिवसांत तीच मजुरी पुन्हा.

दोन, ड्रममध्ये बसवताना जोर बाहेरच्या कडीवर, सगळीकडे सारखा. आतल्या कडीवर हातोडा पडला तर मार गोळ्यांना लागतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं.

तीन, स्पेसर विसरायचा नाही. तो नसेल तर नट आवळल्यावर बेअरिंग दाबलं जातं, तापतं आणि जळतं.

चार, ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीसचा हात लागता कामा नये. लागला तर ब्रेक धरत नाही.

पाच, नट ठरलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळायचा आणि कॉटर पिन नवीच घालायची. जुनी वाकवलेली पिन तुटली तर नट ढिला होऊ शकतो, आणि मग चाक गाडीला धरून राहील याचा भरवसा नाही.

काम झाल्यावर चाक हाताने फिरवा. आवाज नको, खटखट नको. मोकळ्या रस्त्यावर हळू नेऊन ब्रेक आणि हँडब्रेक तपासा. चार-पाच किलोमीटरनंतर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्याजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एक बाजू फारच गरम वाटली तर गाडी परत दाखवा.

पैशाचंही बोलू. काढलेली जुनी बेअरिंग मागून घ्या, पक्कं बिल घ्या आणि तारीख व गाडीचे किलोमीटर गटाच्या वहीत लिहा. पुढच्या वेळी हिशेबाला तेच उपयोगी पडतं.

काही जणी म्हणतात, 'घरघर तर घरघर, चालतेय ना?' पण मैत्रिणींनो, झिजलेलं बेअरिंग आपोआप बरं होत नाही. ते आणखी तापतं, ड्रम खराब करतं आणि एखाद्या रात्री दवाखान्याच्या वाटेवर चाक अडकवतं. आवाज आला त्याच आठवड्यात गाडी दाखवा.

तुमच्या गटाच्या गाडीबद्दल काही विचारायचं असेल तर केंद्रावर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.