मडकूची फेरी : बेटावर पायी फिरताना पाणी कसं वाचायचं

आज चालायचं आहे, पण डोंगरावर नाही.

माझी पुतणी पुण्याला असते. स्कॉटलंडच्या बेटांवर समुद्रकाठच्या माळरानातून जाणाऱ्या गोल वाटांचे व्हिडिओ ती सारखी बघते. एका ठिकाणाहून निघायचं, समुद्र एका हाताला ठेवायचा आणि फिरून तिथेच यायचं. तिने मला विचारलं, "काकू, तुमच्या रायपूरला असं काही आहे का गं?" आता समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. पण बेट आहे! शिवनाथ नदीतलं मडकू द्वीप.

रायपूर-बिलासपूर रस्त्याने सिमगा मागे टाकून बैतलपूरला यायचं आणि तिथून आत वळायचं. रायपूरपासून साधारण 80 किलोमीटर. जिल्हा मुंगेली. नाव ऐकून मराठी माणसाला मडकं आठवतं, पण मूळ शब्द मंडूक, म्हणजे बेडूक. बेटाचा आकार बेडकासारखा, असं इकडे सांगतात. मांडूक्य ऋषींचं हे स्थान, अशीही श्रद्धा आहे. शिवनाथ इथे दुभंगते, दोन्ही धारा ईशान्येकडे वाहतात आणि मधली जमीन कोरडी राहते.

बेटाचं क्षेत्रफळ सुमारे 24 हेक्टर. ते गोल असतं तर काठाकाठाने फेरी पावणेदोन किलोमीटरची झाली असती. ते लांबट आहे, शिवाय वाट वळणावळणाची, म्हणून अडीच किलोमीटर तरी धरून चाला. मध्ये देवळं बघायची आहेत, तेव्हा दोन तास हवेत. 2011 साली इथे उत्खनन झालं आणि 19 देवळांचे अवशेष निघाले, कलचुरी काळातले, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे. तांबूस दगडाची छोटी छोटी देवळं ओळीने उभी आहेत, सापडलेले दगड जुळवून पुन्हा रचलेली. शिवाय फेब्रुवारीत याच बेटावर ख्रिस्ती बांधवांचा मेळा भरतो, तोही 1909 पासून. तेवढे दिवस गर्दी असते. शांतपणे चालायचं असेल तर ते टाळा, माणसं बघायची असतील तर मुद्दाम जा.

बेटावर जायचं कसं? पाणी उतरलेलं असताना बंधाऱ्यावरून पायी. त्याला इकडे एनीकट म्हणतात. पाणी चढलं की नाव. आणि खरा विषय इथून सुरू होतो.

तुमच्यापैकी अनेकांनी अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिला असेल. ओहोटीला चालत जायचं, भरतीच्या आत परतायचं. कोकणातली जुनी माणसं घड्याळ न बघता हिशेब सांगतात : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. थोडं पुढेमागे होतं, पण काम भागतं. समुद्र चंद्राच्या वेळापत्रकाने चालतो, त्यामुळे सागरी बेटावरच्या माणसाला पाणी कधी येणार हे आधीच माहीत असतं.

नदीच्या बेटाला असं वेळापत्रक नाही. शिवनाथ राजनांदगाव-गडचिरोलीच्या सीमेकडच्या डोंगराळ भागातून येते, दुर्गवरून वाहते. आमच्या रायपूरची खारून तिला सोमनाथजवळ मिळते. मडकू या सगळ्याच्या खाली. म्हणजे पाऊस पडणार राजनांदगावला, मोंगरा बॅरेजचे दरवाजे उघडणार तिकडे, आणि पाणी चढणार इथे. कधी? पुराची लाट मैदानी नदीत सेकंदाला मीटर-दोन मीटर सरकते असं धरा, म्हणजे तासाला साडेतीन ते सात किलोमीटर. दुर्गकडचं पाणी इथे पोचायला अर्ध्या दिवसापासून एक दिवसाहून जास्त वेळ लागू शकतो. तोवर मडकूवर लख्ख ऊन पडलेलं असतं! इथेच माणूस फसतो. डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज बांधू नका. निघण्याआधी दोन दिवसांच्या बातम्या बघा, राजनांदगाव, दुर्ग आणि बेमेतऱ्याच्या. मुंगेलीचं हवामान बघून उपयोग नाही.

मी हे शिकले ते एका ऑगस्टमध्ये. आई बरोबर होती, एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे. नावेने गेलो. आईचं म्हणणं, फेरी कसली, ही प्रदक्षिणाच. देऊळ उजव्या हाताला हवं. म्हणून पाणी डाव्या हाताला ठेवून निघालो. वरच्या टोकाला, जिथे नदी दुभंगते, तिथे मी थांबले. झाडांच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्याही वर वाळका कचरा अडकला होता. तो वाऱ्याने आलेला नव्हता. कधीतरी पाणी तिथवर चढलं होतं. मग मी एक काडी पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवली, आणि आम्ही दशम्या खायला बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलं तर काडी काठापासून हातभर आत गेली होती. पाणी गढुळलं होतं, वर फेस, पालापाचोळा, एक अख्खी फांदी वाहत चाललेली. वर आभाळ निळं.

आईला प्रदक्षिणा अर्धवट सोडायची नव्हती. "आता अर्धी तर झाली," म्हणाली. हिशेबाने तिचं बरोबर होतं. काठाने पुढे गेलं काय आणि मागे आलं काय, अंतर तेवढंच. पण तिसरा मार्ग होता : बेटाच्या मधून, देवळांवरून सरळ घाटाकडे. तो जवळचा, आणि उंचावरचा. दोन्ही काठांच्या वाटा खोलगट जागी आधी बुडतात. मी आईचा हात धरला आणि मधून निघाले. घाटावर केवट आमचीच वाट बघत होता. "पानी बाढ़त हे दाई, जल्दी चलव," एवढंच तो आईला बोलला. नाव सरळ पलीकडे गेली नाही. त्याने आधी ती काठाकाठाने वर नेली, मग सोडली, तेव्हा कुठे धारेने आम्हाला खाली ढकलत बरोबर समोरच्या घाटावर आणलं. आई डोळे मिटून बसली होती.

तेव्हा काडीचा उपाय लक्षात ठेवा. फुकटचा आहे. एका जागी नाही, दोन-तीन जागी रोवा. काडी बुडली तर फेरी तिथेच सोडा आणि मधून परत या. पावसाळ्यात केवटाला उतरताना विचारून ठेवा की शेवटची नाव कधी, आणि त्याने "आत्ता" म्हटलं तर वाद घालू नका. शक्यतो जाच डिसेंबर-जानेवारीत. पाणी उतरलेलं असतं, वाट मोकळी, ऊन सोसवतं. माकडं मात्र पिशवी ओढतात, डबा आतच ठेवा.

उरलेली अर्धी प्रदक्षिणा आईने जानेवारीत पूर्ण केली. वरच्या टोकापासूनच सुरू करायची म्हणून हट्ट धरला, आधीची अर्धी मोजून.

पुढच्या भागात इथून फार लांब नसलेल्या ताल्याला जाऊ, मनियारीच्या काठी.