फिशटँकची मागची काच

फिशटँकच्या मागच्या काचेला रंग नेहमी बाहेरून द्यावा लागतो, कारण आतून दिलेला रंग पाण्याने सुटतो आणि त्यातील द्रावके माशांना घातक ठरू शकतात. मात्र मागे कागद चिकटवण्यापेक्षा रंग का बरा, हा प्रश्न प्रकाशशास्त्राचा आहे. कागद आणि काच यांच्यात हवेचा पातळ थर उरतो, आणि पाण्यातून सुमारे ४९ अंशांपेक्षा अधिक तिरपा येणारा प्रकाश काच ओलांडून त्या हवेत शिरू न शकल्यामुळे पूर्णपणे मागे फिरतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात आणि त्यामुळेच बाजूने पाहणाऱ्यास मागची काच आरशासारखी भासते. रंग काचेला थेट चिकटतो, त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याची क्षमता, काचेच्या जवळपास असतो, आणि काळ्या रंगात शिरलेला प्रकाश तेथेच शोषला जातो.

काळ्या रंगाच्या बाजूने माशांची त्वचाही साक्ष देते. अनेक जातींच्या रंगपेशींतील मेलॅनिनचे कण गडद परिसरात पसरतात व फिकट परिसरात केंद्राशी गोळा होतात, म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर मासे फिके पडतात. निळा रंग लोकप्रिय असला तरी तो बहुधा दुकानी थाटाचाच वाटतो.

काच स्पिरिटने पुसून पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग रोलरने पातळ थरांत द्यावा. पहिल्या थरात दिसणारे ओरखडे नंतरच्या थरांनी झाकले जातात. पुढे कंटाळा आल्यास हा रंग ब्लेडने खरवडून काढता येतो.