थीम पार्कमधील मोबिलिटी स्कूटर

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 4 थीम पार्क असून, ज्यांना चालता येते पण दिवसभर चालवत नाही, अशांसाठी तेथे मोबिलिटी स्कूटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी एकआसनी गाडी, भाड्याने मिळते. चालकाचे वय मात्र किमान 18 लागते.

पार्कच्या दाराशी मिळणारी गाडी आगाऊ राखून ठेवता येत नाही आणि बाहेरही नेता येत नाही, म्हणून खासगी व्यावसायिकाकडून ती हॉटेलवर मागवून रात्री चार्ज करणे अधिक सोयीचे ठरते.

वेगाच्या गोल बटणावर बहुधा एका टोकाला कासव, दुसऱ्याला ससा असतो. गाडी चालवण्याची तरफ सोडताच ब्रेक आपोआप लागतो, तरी गर्दीत कासवच बरे (शर्यतही त्यानेच जिंकली होती).