कात्रणांचा कपडेपट

संत नामदेवांचा जन्म, परंपरेनुसार, १२७० साली कयाधूकाठच्या नरसीत शिंप्याच्या घरी झाला. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात गज, कात्री आणि सुईदोरा हीच भक्तीची साधने होतात. शिवणकाम आणि कीर्तनाचा रंग यांचा मेळ ज्या गावाच्या नावाशी जोडलेला आहे, तिथून रंगभूमीच्या कपड्यांचा विचार सुरू करावा असे मला वाटते. जुन्या, टाकाऊ साहित्यातून नाटकाचे वेश घडवण्याची चर्चा आज जगभर पर्यावरणाच्या निमित्ताने होते आहे. मराठी मुलखाला मात्र ही रीत नवी नाही. गेल्या काही दशकांत आपण ती सोडत आलो, आणि ती पुन्हा हाती धरायला हवी.

आधी लोककलांकडे पाहू. पोतराजाच्या कमरेचे आभरान म्हणजे रंगीबेरंगी खणांच्या पट्ट्यांचा घेर. तो गिरकी घेतो तेव्हा प्रत्येक पट्टी स्वतंत्र उडते; एकसंध कापडाच्या घागऱ्याला ही चाल साधत नाही. वासुदेवाच्या टोपीवर मोरपिसे, गोंधळ्याच्या गळ्यात कवड्या. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात कागदाच्या लगद्याचे मुखवटे नाचतात. भारुडाचा वेश तर घरातल्या गाठोड्यातूनच निघतो: बाईच्या सोंगाला आजीचे लुगडे, वेड्याच्या सोंगाला विरलेली वाकळ. इथे जुने कापड वापरण्यामागे गरिबी होतीच, पण नजरही होती. लांब बसलेल्या प्रेक्षकाला कापडाची किंमत दिसत नाही; त्याला आकार, रंग आणि हालचाल दिसते, हे या कलावंतांना पक्के ठाऊक होते.

संगीत नाटकाच्या काळात मोठ्या मंडळ्यांचा स्वतःचा कपडेपट असे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने भरजरी वेशांवर सढळ हाताने खर्च केला, पण ते वेश एका रात्रीचे नव्हते. ते पेट्यांतून गावोगाव फिरत आणि प्रयोगामागून प्रयोग अंगावर चढत. पुढे ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याने मिळू लागली. एकच अंगरखा आज सरदाराला, उद्या शाहिराला, हाही पुनर्वापरच. कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथय्या यांना १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, तेव्हा त्यांच्या कामात खादी, धोतरे आणि साध्या साड्या हीच मोठी सामग्री होती. नव्या कोऱ्या कापडाला वापरलेपण आणण्यासाठी नाटक-सिनेमात कारागिरांना ते घासावे, धुवावे, मळवावे लागते. जुन्या धोतरात ते वापरलेपण आयतेच असते.

मग बिघडले कुठे? शाळांची स्नेहसंमेलने, मिरवणुकीतले देखावे, हौशी एकांकिका यांसाठी आता चकचकीत पॉलिस्टरचे तयार पोशाख येतात. दोनदा घातले की टिकल्या गळतात, शिवण उसवते, आणि दुरुस्तीपेक्षा नवे स्वस्त पडते. पॉलिस्टर हे खनिज तेलापासून बनते. ते कुजत नाही. उकिरड्यावर जाळले तर धूर आपल्याच छातीत जातो. एलन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात कपड्यांतल्या साहित्यापैकी एक टक्क्याहूनही कमी भागाचे पुन्हा कपडे होतात. ब्रिटनमधल्या नाट्यकर्मींनी २०२१ साली ‘थिएटर ग्रीन बुक’ काढले. त्याच्या पहिल्याच पायरीवर अपेक्षा आहे ती अशी, की प्रयोगातले निम्मे साहित्य आधी कुठेतरी वापरलेले असावे. आपल्या भारुडी मंडळींनी ही अपेक्षा केव्हाच ओलांडली होती.

नरसी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेवढ्यापुरते बोलायचे तर साहित्याला तोटा नाही. शिंप्याच्या दुकानातली कात्रणे आहेत, बोहारणीच्या गाठोड्यातली लुगडी आहेत, धान्याचे ज्यूटचे बारदान आहे. बारदानाचा वेश किती बोलका होतो ते पाहा: १९६२ साली पोलंडमध्ये दिग्दर्शक ग्रोटोव्हस्की यांच्या ‘अक्रोपोलिस’ नाटकात सगळ्या नटांच्या अंगावर भोके पाडलेली गोणपाटे होती. ते वेश योजणारे युझेफ शायना स्वतः ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेले होते. छळछावणीतल्या माणसाचे हिरावलेले माणूसपण त्या गोणपाटाने दाखवले. रेशमाला ते जमले नसते.

रंगासाठी वसमतची हळद शेजारीच आहे. हळकुंडांना पॉलिश करताना निघणारी भुकटी कापड रंगवण्यासाठी जरूर अजमावून पाहावी. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही, पण रात्रीच्या प्रयोगाला तो पुरतो आणि फिका पडला की कापड पुन्हा बुडवता येते. खार घातला की हळद लाल होते. हिरड्याच्या काढ्यात गंजलेले लोखंड टाकले की काळा रंग मिळतो. अंबाडीच्या वाखाच्या जटा आणि दाढ्या होतात; मक्याच्या कणसांच्या सालांची फुले आणि मुकुट होतात.

यात काळजीही हवी. खताची आणि कीटकनाशकाची पोती धुऊनसुद्धा अंगाला लावू नयेत. प्लास्टिकचे पोते आगीत वितळून कातडीला चिकटते. गोणपाट आणि वाख चटकन पेटतात; टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून वाळवले तर आग मंद धरते, पण धुतल्यावर हा लेप पुन्हा द्यावा लागतो. आधी एका तुकड्यावर, मोकळ्या जागी, ज्योत लावून पाहावी. मिळालेले जुने कपडे उकळून, उन्हात वाळवूनच शिवायला घ्यावेत.

सर्वांत मोलाचे आहे ते हाताचे कौशल्य. वाकळ शिवणाऱ्या बायका विरलेल्या कापडाचा कोणता भाग अजून तग धरेल हे चिमटीत धरून सांगतात. कोणत्याही नाट्यशिबिरात त्या शिकवायला उभ्या राहायला हव्यात, मानधन घेऊन. नाटकाच्या श्रेयनामावलीत वेशकार म्हणून त्यांचे नाव यायला हवे. आषाढीनंतर परतवारीला नरसीत लाखोंनी वारकरी येतात, भजनी मंडळे येतात. त्या निमित्ताने गावात एक सामाईक कपडेपट उभा राहू शकतो: दिलेली जुनी लुगडी-धोतरे, नोंदवही, एक शिलाई मशीन आणि पगारी शिंपी. शाळांनी, भारुडी मंडळांनी, एकांकिकेच्या पोरांनी वेश न्यावेत, वापरावेत, उसवले तर शिवून परत करावेत. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक खोली, एक कपाट आणि पहिले गाठोडे देणारी चार घरे एवढ्यावर सुरुवात होईल, आणि ती पुढच्या परतवारीआधी व्हावी.