ट्रकचालकाची चूल : काय घ्यावे, कुठे पेटवावे?

भिवंडीच्या गोदामातून किंवा न्हावा-शेवा बंदरातून माल भरून निघालेला ट्रक दिल्लीला पोहोचेपर्यंत चालक आणि क्लीनर यांची सहा-आठ जेवणे रस्त्यावर होतात. परतीचा माल मिळायला दोन दिवस लागले तर हा आकडा दुप्पट होतो. मालकाकडून मिळणारी खुराकी ठरलेली असते आणि ढाब्याचे दर मात्र वाढत असतात. दोन वेळचे जेवण, दोन-तीन चहा आणि एखादा नाश्ता एवढे दोघांचे भागवता भागवता खुराकी संपते व घरी द्यायच्या पैशाला हात लागतो. म्हणूनच लांब पल्ल्याचे बहुतेक चालक आज ना उद्या गाडीत स्वतःची चूल ठेवतातच.

आपल्या समाजातील चालकांना याचे आणखी एक कारण आहे. मालवाहतुकीच्या धंद्यात मुस्लिमांचा वाटा जुना आहे. हरियाणातील मेवातचे चालक तर देशाच्या प्रत्येक महामार्गावर भेटतात. आपल्याकडे मालेगाव, भिवंडी, मिरज, जालना येथील कितीतरी घरे स्टिअरिंगवर चालतात. मुंबई-आग्रा महामार्गावर मालेगाव-धुळ्यापर्यंत ओळखीची हॉटेले आहेत. पुढे नवख्या मार्गावर पानात पडलेले मांस हलाल आहे की नाही याची खात्री कोण देणार? मग रोज डाळ-रोटी, नाहीतर आपले आपण शिजवणे. रमजानमध्ये ही गरज अधिकच जाणवते. सहेरीच्या वेळी गाडी कुठे उभी असेल हे सांगता येत नाही आणि इफ्तारच्या घडीला ती टोलनाक्याच्या रांगेतही असू शकते.

चूल घ्यावी की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कोणती घ्यावी, आणि त्याहून मोठा म्हणजे ती कुठे पेटवावी याचा. या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याने माणसे जातात.

केबिनमध्ये ज्योत नको

जुन्या लाकडी बॉडीच्या केबिनमध्ये चारी बाजूंनी वारा खेळत असे. आता तसे राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु अशी केबिन बंद डब्यासारखी असते हेही लक्षात ठेवले पाहिजे. बंद जागेत गॅस, रॉकेल किंवा कोळसा जळू लागला की हवेतील प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला प्रथम डोके जड झाल्यासारखे वाटते, मग गुंगी येते, आणि थकलेला चालक ती झोपच समजतो. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत केबिनमध्ये शेगडी ठेवून झोपलेले चालक-क्लीनर सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

दुसरा धोका गळतीचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो वर न जाता केबिनच्या तळाशी, सीटच्या खाली साचतो. सकाळी चालक किल्ली फिरवतो किंवा बिडी पेटवतो, आणि तेवढी ठिणगी पुरेशी होते. म्हणून सिलिंडर सीटमागे किंवा झोपण्याच्या फळीखाली ठेवण्याची सवय मोडलीच पाहिजे. त्याची जागा चॅसीवरच्या लोखंडी पेटीत, उभ्या स्थितीत, साखळीने किंवा पट्ट्याने बांधून. पेटीच्या तळाला चार-पाच भोके पाडून घ्यावीत, म्हणजे गळालेला गॅस खाली निघून जाईल. कोणताही वेल्डर हे काम तासाभरात करून देतो.

बाजारात काय मिळते

पूर्वी पंपाचा किंवा वातीचा रॉकेल स्टोव्ह हाच चालकाचा सोबती होता. आता त्याचे दिवस संपत आले आहेत. रेशनच्या रॉकेलवरील अनुदान भाव वाढवत वाढवत २०२० पर्यंत संपले आणि रॉकेल मिळणेच दुर्मिळ झाले. काही जण स्टोव्हमध्ये गाडीच्या टाकीतले डिझेल घालतात. त्याने काजळी धरते, पिन वारंवार मारावी लागते आणि अन्नाला वास लागतो. पेट्रोल तर स्टोव्हला चुकूनही दाखवू नये.

आज बहुतेकांसाठी योग्य पर्याय म्हणजे सरकारी तेल कंपन्यांचा पाच किलोचा छोटा सिलिंडर. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ही विक्री निवडक पेट्रोल पंपांवरून सुरू झाली. इंडियन ऑइलने २०२० मध्ये आपल्या सिलिंडरला ‘छोटू’ हे नाव दिले. त्यांचा दोन किलोचाही येतो, त्याला ‘मुन्ना’ म्हणतात. याला घराच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. ओळखपत्र दाखवले की पुरते. गाव सोडून रस्त्यावर राहणाऱ्या माणसासाठी ही सोय मोठी आहे. अनुदान नसल्याने गॅस बाजारभावाने घ्यावा लागतो, पण रिकामा सिलिंडर देऊन भरलेला वाटेतल्या शहरात त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे बदलून मिळतो. घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या मार्गावर कोणत्या कंपनीचे विक्रेते अधिक आहेत याची चौकशी करावी.

हिशेब करून पाहू. एका बर्नरच्या शेगडीला पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस लागतो. दोघांचा स्वयंपाक, चहा आणि वजूचे गरम पाणी धरून दिवसाला सव्वा तास शेगडी चालली तर पाच किलो गॅस पंचवीस दिवसांहून थोडा जास्त पुरतो. तुमच्या गावी त्या सिलिंडरचा जो भाव असेल त्याला पंचवीसने भागा आणि एका दिवसाच्या ढाब्याच्या बिलाशी ताडून पाहा. किराणा धरूनही फरक सहज कळेल.

सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवर कोरलेली खूण वाचावी. तेथे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, या क्रमाने. सिलिंडरची पुढची तपासणी कधी करायची हे त्यावरून समजते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. रेग्युलेटर त्याच विक्रेत्याकडून, त्याच सिलिंडरला बसणारा घ्यावा. नळी आतून तारेची जाळी असलेली, आयएसआय छापाची नारिंगी घ्यावी व पाच वर्षांनी बदलावी. रस्त्याचे हादरे आणि ऊन पाहता त्याआधीच चिरा दिसू लागल्या तर तेव्हाच. दर फेरीला निघण्यापूर्वी जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणे हे टायरची हवा पाहण्याइतकेच नेमाचे व्हावे.

सुटकेससारख्या पेटीत बसणाऱ्या, सव्वादोनशे ग्रॅमच्या डब्यावर चालणाऱ्या शेगड्याही आता सर्रास मिळतात. दिसायला सुबक, उचलायला हलक्या. पण एक डबा पूर्ण ज्योतीवर दीड तासाहून थोडाच अधिक चालतो आणि पुन्हा भरता येत नाही, म्हणजे खर्च जास्त. शिवाय गॅसचा डबा बर्नरच्या अगदी शेजारी असतो. त्यावर मोठे पातेले किंवा तवा ठेवला की त्याची आच डब्यावर जाते आणि डबा फुटू शकतो. आठवड्यातून एखाददुसरा चहा करणाऱ्याला ही शेगडी ठीक. चार माणसांची बिर्याणी त्यावर करू नये. जम्मूच्या पुढे सफरचंदाच्या हंगामात माल आणायला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या डब्यांतील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत शेगडी पेटतच नाही. डबा गरम करण्यासाठी तो ज्योतीजवळ धरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण.

विजेच्या उपकरणांचा मोह अनेकांना होतो. ज्योत नाही, धूर नाही, केबिनमध्ये बसून काम होते. पण विकत घेण्यापूर्वी व्होल्ट पाहा. मोठ्या ट्रकची वायरिंग चोवीस व्होल्टची असते, तर छोटा हत्ती आणि पिकअप गाड्यांची बारा व्होल्टची. दुकानात मोटारीसाठी म्हणून मिळणारा बारा व्होल्टचा डबा किंवा किटली चोवीस व्होल्टवर लावली की ती चौपट वीज ओढते आणि क्षणात जळते. फ्यूज उडाला तर नशीब समजायचे.

चाळीस वॅटचा गरम डबा दोन जणांचे घरून आणलेले कालवण पाऊण-एक तासात चालत्या गाडीत गरम करून देतो. हा चांगला सौदा आहे. दीडशे वॅटच्या किटलीत लिटरभर पाणी उकळायला पाऊण तास जातो, तरी चालत्या गाडीत तेही परवडते. इन्व्हर्टर लावून बाराशे वॅटची इंडक्शन शेगडी चालवणे मात्र शहाणपणाचे नाही. ती बॅटरीतून पन्नास-साठ अँपिअर खेचते. इंजिन बंद ठेवून अर्धा तास चालवली तर पहाटे स्टार्टर फिरेलच याची हमी नाही, आणि ट्रकची बॅटरी अशा खोल उपशासाठी बनवलेलीही नसते. इंजिन चालू ठेवावे म्हणाल, तर उभ्या ट्रकला तासाला दोन-तीन लिटर डिझेल लागते. लिटरचे नव्वद रुपये धरले तरी अर्ध्या तासाच्या डाळीला शंभराची नोट गेली.

कुकर आणि गोधडी

चुलीइतकेच महत्त्व भांड्याला आहे. तीन लिटरचा कुकर दोघांना पुरतो. २०२० च्या सरकारी आदेशाने घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आहे. ते नसलेला कुकर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. खाली डाळ, वरच्या डब्यात भात अशी एकाच आचेवर दोन कामे होतात. गॅस वाचवण्याची एक जुनी युक्ती ट्रकवाल्यांना फारच सोयीची आहे. दोन शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून गोधडीत किंवा पोत्यात घट्ट गुंडाळून ठेवावा. आतल्या उष्णतेवर डाळ मुरत राहते. भिजवलेले चणेही या रीतीने कमी गॅसात मऊ होतात. सहेरीसाठी रात्री झोपण्यापूर्वी शिजवलेली खिचडी अशी गुंडाळून ठेवली तर पहाटे कोमट मिळते. चहासाठी थर्मास हवाच. तो भरलेला असेल तर इफ्तारला गाडी कुठेही अडकली तरी खजूर आणि गरम चहा हाताशी राहतो.

शेगडी पेटवताना ट्रकपासून दहा-बारा पावले दूर जावे, डिझेल टाकीच्या बाजूला नव्हे, आणि वारा ट्रककडून शेगडीकडे येत असेल अशी जागा पाहावी. कापसाच्या गाठी, कागद, फटाके असा माल असेल तर हे अंतर आणखी वाढवावे. पेट्रोल पंपाच्या आवारात तर शेगडी काढूच नये, मग ढाबा तेथेच असला तरी. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून इंधन भरणाऱ्या टँकरचालकांना आणि रसायने वाहणाऱ्यांना यातले काहीच लागू नाही. त्यांच्या गाडीवर सिलिंडर, शेगडी, विजेचा डबा यांपैकी काही नको. घरून भरलेला थर्मासचा डबा एवढेच त्यांचे साधन.

दुकानदारांसाठी

ट्रान्सपोर्ट नगरांच्या आसपास भांड्यांची आणि हार्डवेअरची अनेक दुकाने आपल्या बांधवांची आहेत. त्यांच्यापैकी काहींकडे अजूनही पत्र्याचे, कोणत्याही कंपनीचे नाव नसलेले छोटे सिलिंडर टांगलेले दिसतात. घरगुती सिलिंडरमधून त्यात गॅस उतरवून देण्याचा धंदाही मागच्या बाजूला चालतो. हे बेकायदेशीर तर आहेच, पण मालातील ऐब ठाऊक असताना तो लपवून विकणे शरीअतमध्ये जायज नाही हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. तो सिलिंडर दोन-तीनशे रुपयांच्या नफ्यासाठी विकला जातो आणि दोन माणसांच्या उशाशी जाऊन पडतो.

त्याऐवजी तेल कंपनीच्या जवळच्या गॅस वितरकाकडे जाऊन पाच किलोच्या सिलिंडरचे विक्री केंद्र घेता येते का ते विचारावे. किराणा दुकानांनाही अशी केंद्रे मिळालेली आहेत. त्याच्या जोडीला एका बर्नरची मजबूत शेगडी, नारिंगी नळी, तीन लिटरचा कुकर, थर्मास आणि चोवीस व्होल्टचा गरम डबा असा एकत्र संच ठेवला तर चालकाला चार दुकाने फिरावी लागत नाहीत. ट्रान्सपोर्ट मालकांशी बोलून हा संच गाडीमागे एक या हिशेबाने द्यावा व पैसे दोन-तीन फेऱ्यांच्या भाड्यातून बिनव्याजी हप्त्याने घ्यावेत. एकाच मालकाच्या दहा गाड्या असतील तर दर महिन्याला दहा सिलिंडर बदलण्याचे गिऱ्हाईक बांधले जाते, आणि नळ्या-रेग्युलेटरची विक्री वेगळी.