तळपायावरचा काळा डाग

अंगावर तीळ कोठे आहे यावरून आपल्याकडे भविष्य सांगतात. पण एखादा तीळ वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली, एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग दिसू लागले, तर ज्योतिषाकडे न जाता डॉक्टरकडे जावे हे बरे.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी बेबंद वाढल्या म्हणजे जो कर्करोग होतो, त्याला मेलानोमा म्हणतात. कातडीतच असताना तो कापून काढला तर रोगी बहुधा बरा होतो. फुप्फुसात किंवा मेंदूत पसरला, की २०१० पर्यंत निम्म्याहून अधिक रोगी वर्षभरात दगावत.

मग चित्र पालटले कसे? इंग्लंडातील सँगर संस्थेच्या पुढाकाराने २००२ साली असे आढळले, की मेलानोमाच्या पुष्कळ गाठींत ‘बीराफ’ या जनुकात बिघाड असतो. दिव्याचे बटण चालू स्थितीतच अडकावे, तसा. त्यावरचे औषध २०११ साली आले. गाठी विरघळत, पण बहुतेकांत रोग काही महिन्यांनी उलटे.

दुसरी वाट वेगळी होती. आपल्या रक्तातील संरक्षक पेशींना निसर्गाने लगाम घातलेला असतो. अमेरिकेत जेम्स ॲलिसन आणि जपानात तासुकु होंजो या दोघांनी त्यावर स्वतंत्रपणे काम केले. २०१८ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. हा लगाम सैल करणारी औषधे निघाली. अर्थात लगाम सुटलेला घोडा घरच्याच पिकातही शिरतो; आतडी, यकृत यांनाही इजा होते.

औषधाचा गुण की नशीब, हे दहा-वीस रोग्यांवरून कसे कळणार? एका इस्पितळात असे रोगी थोडेच येतात. म्हणून २१ देशांतील ९४५ रोग्यांवर एकाच पद्धतीने चाचणी झाली. लगाम सैल करणारी दोन औषधे मिळून घेतलेल्यांपैकी शेकडा ४३ जण दहा वर्षांनंतरही हयात होते, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

येथे एक गोम आहे. अशा चाचण्यांतील रोगी बहुतांशी गोरे. त्यांना हा रोग उन्हाने होतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो एकंदरीत क्वचितच. झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. त्यात बीराफचा बिघाड कमी आढळतो आणि नव्या औषधांचा गुणही कमी येतो. तेव्हा आपल्याकडचे रोगी अशा संशोधनात आले नाहीत, तर आपल्या रोगाचे औषध दुसरे कोण शोधणार?

तोवर पायाकडे लक्ष असू द्या. काटा मोडला असेल, कुरूप असेल, असे म्हणून आपण ब्लेडने तासत बसतो. काळा डाग महिन्या-दोन महिन्यांत जात नसेल, पसरत असेल, चिघळत असेल, तर तासू नका, डागही देऊ नका. जिल्ह्याच्या इस्पितळात जा, आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवायचा का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा.