फासातून पार होणारी बॉबिन

दोन दोरे एकमेकांत अडकवायचे तर निदान एकाचं टोक मोकळं हवं. हातानं शिवताना ते असतंच, सुईमागून अख्खा दोरा पलीकडे निघतो. शिलाई मशीनमध्ये मात्र वरचा दोरा रिळाला बांधलेला आणि खालचा बॉबिनवर गुंडाळलेला. दोन्ही टोकं अडकलेली. मग टाका पडतो कसा?

सुईखालची सरकपट्टी बाजूला करा आणि चाक हातानं, अगदी सावकाश, आपल्याकडे फिरवा. सुई तळाला टेकते. ती पुन्हा वर निघून जेमतेम दोन मिलिमीटर चढली की तिच्या पाठीमागे दोऱ्याचा इवलासा फुगवटा दिसतो. नेमक्या त्या क्षणी बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक सुईला जवळजवळ घासून त्या फुगवट्यात शिरतं. दोघांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं. शटल दोरा ओढतं, फुगवट्याचा मोठा फास होतो आणि अख्खी बॉबिन, तिच्या केससकट, त्या फासातून पार होते! टोक मोकळं नाही ना, मग सगळं रीळच फासातून काढा, असा हा खाक्या. सुईच्या टोकाला भोक आणि खाली दुसरा दोरा ही जोडी जमवून एलियास हाउनं अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट मिळवलं. आजही कारखान्यातली मशीन मिनिटाला पाच हजार टाके घालतात ते याच युक्तीनं.

पाकीट, कार्डहोल्डर, चष्म्याचं घर असल्या चामड्याच्या छोट्या वस्तू शिवायला परवडणारं मशीन शोधायला बाहेर पडलं की दुकानदार मोटारीचे वॅट सांगतो आणि ‘हेवी ड्यूटी’चं स्टिकर दाखवतो. माझ्या मते पैसे मोजायचे ते त्या दोन मिलिमीटरच्या फुगवट्यासाठी.

फुगवटा येतो कशामुळे? सुई वर निघते तेव्हा दोरा कापडात घट्ट धरलेला असतो, तो सुईबरोबर मागे फिरू शकत नाही, म्हणून फुगतो. चामडं मात्र सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं. ते उचललं गेलं की दोरा सैल पडत नाही, फुगवटा येत नाही, शटल रिकामंच फिरतं आणि टाका सुटतो. त्यामुळे मोटार कितीची यापेक्षा मशीनचा फूट चामड्याला किती घट्ट दाबून धरतो आणि सुई कोणती आहे, हे आधी बघावं. सुईवरचा १०० हा नंबर म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर. ९० म्हणजे शून्य पूर्णांक नऊ. कापडाची सुई धागे बाजूला सारून वाट काढते. चामड्याला ताणाबाणा नसतो, म्हणून त्याच्या सुईचं टोक धारदार असतं आणि ते चक्क काप घेतं. हा काप भरून येत नाही. टाके दाट घातले की चामडं डाकतिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं. पाकिटाला टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा ठेवावा आणि शेवटी उलटं शिवून तीच भोकं पुन्हा पाडू नयेत. दोऱ्याची टोकं मागे ओढून गाठ मारली की झालं.

दोऱ्याची गोष्ट तर आणखी मजेची. एका टाक्यात मुरतो जेमतेम अर्धा सेंटिमीटर दोरा, पण बॉबिनला वळसा घालायला दर वेळी कित्येक सेंटिमीटर खाली जातो आणि उरलेला पुन्हा वर खेचला जातो. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक तुकडा टाक्यात बसण्याआधी सुईच्या भोकातून कितीतरी वेळा खालीवर घासला जातो. साधा दोरा अशानं पिंजतो. चामड्यासाठी बाँडेड नायलॉन वापरतात ते म्हणूनच. त्याचे पदर लेप देऊन एकजीव केलेले असतात. त्याची जाडी टेक्समध्ये मोजतात. टेक्स ७० म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं वजन ७० ग्रॅम. घरगुती मशीनची मजल साधारण इथवरच, तीही १०० किंवा ११० नंबरच्या सुईनं. त्याहून जाड दोरा छोट्या शटलच्या फटीतून सुखानं फिरत नाही. जाड दोऱ्याला मोठी बॉबिन हवी, मोठ्या बॉबिनला मोठा फास, मोठ्या फासाला सुईची लांब फेरी. जाड शिवणारी मशीन अवजड आणि महाग असतात ती अशी.

आता घ्यायचं काय? चामडं एक-सव्वा मिलिमीटरचं असेल आणि कडा तासून सगळे थर मिळून दोन-अडीच मिलिमीटर होत असतील, तर काळं लोखंडी जुनं मशीन पुरे. मराठी घरांत उषाचं किंवा मेरिटचं असतं तसलं. जुन्या बाजारात ते काही हजारांत मिळतं. हातचाकाचं मिळालं तर उत्तम, कारण एकेक टाका मोजून घालता येतो. त्याची खोड एकच. चामडं पुढे सरकवतात ते फक्त खालचे दात. वरचा थर फुटाला चिकटून मागे राहतो आणि खालच्या बाजूला दातांचे वळ उठतात. टेफलॉनचा फूट लावला की बरंच निभावतं.

त्याहून जाड काम रोजचं असेल तर कंपाउंड फीडचं मशीन घ्यावं. त्यात दात, सुई आणि आतला फूट तिघंही एकत्र पुढे सरकतात. सुई चामड्यात रुतलेलीच असते, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरायला वावच नाही. किंमत पाच आकडी. घरगुती मशीनला लावायचा ‘वॉकिंग फूट’ नावाचा स्वस्त जोड मिळतो, पण त्यात सुई काही सरकत नाही. मोटार सर्व्होच मागा; ती पायाच्या इशाऱ्यावर हळू चालते. पाकिटाला सपाट टेबल चालतं, पिशव्यांना नळीसारखा हात बरा.

चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यांकडे हातचाकाचं पॅचर असतं. त्याचा फूट गर्रकन कुठल्याही दिशेला वळतो आणि वरूनच चामडं ओढतो. बघत राहावं असं यंत्र आहे, स्वस्तही आहे. पण त्याची बॉबिन चिमुकली, आणि दातेरी फुटाचे ठसे नेमके वरच्या, दिसणाऱ्या बाजूला उमटतात. कार्डहोल्डरसाठी मी ते घेणार नाही.

धारावीत चामड्याची दुकानं आहेत. ज्या चामड्याचं काम करायचं त्याचा तुकडा तिथून आधी घ्या आणि तो खिशात टाकूनच मशीन बघायला जा. चार पदरी घडी फुटाखाली सरकवा, मोटार बंद ठेवा, चाक हातानं फिरवा. सुई टोचते तिकडे लक्ष देऊ नका, ती वर येताना चामडं उचललं जातंय का ते बघा. मग घडीच्या पायरीवरून, दोन थरांवरून चारवर, चढवून बघा. टाका सुटला तर बहुतेक तिथेच सुटतो.

बेल्टचं बकल जिथं ओवतात त्या जाड जागी मात्र हातशिलाई सरस. तिथे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर आरपार काढतात. मशीनच्या शिवणीत एक दोरा तुटला की शेजारचे टाकेही ढिले पडू लागतात. इथे एक पदर झिजून तुटला तरी दुसरा त्याच भोकांतून शिवण धरून ठेवतो.